काळी दोन, काळी मूरु : साठीत पेटीकडे परतलेल्या एका विणकराचं प्रकरण

बेळगावच्या वडगावातले एक काका 2021 च्या दिवाळीनंतर माझ्याकडे पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकायला आले. वय साठ. सोबत मुलगा होता आणि सगळं बोलत होता तो मुलगाच. "बाबांना लहानपणी येत होती. आता रिकामेच असतात, तर म्हटलं..." पुढचं त्याने माझ्यावर सोडलं. काका कोपऱ्यातल्या तानपुऱ्याकडे बघत उभे होते. ते गेल्यावर मी वहीत लिहिलं: 'हौस. तीन महिने टिकतील.'

तीच वही पुढ्यात घेऊन हे लिहितेय. या प्रकरणात जे चुकलं त्यातलं बरंचसं तिच्यात माझ्याच अक्षरात आहे. लिहायला काकांची हरकत नाही. नाव तेवढं घालू नका म्हणाले, म्हणून सगळीकडे 'काका'.

आधीचं

काकांचा जन्म 1961 चा. वडील विणकर, आधी हातमागावर, मग दुसऱ्याच्या यंत्रमागावर रोजंदारीने. शहापूर-वडगाव-खासबाग हा सगळा पट्टाच साडी विणणाऱ्यांचा. वडील गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला स्टुडिओत पाऊल टाकू दिलं नव्हतं, पण वडगावच्या भजनाला तो हुकूम लागू नव्हता. पोराला कुणी शिकवलं नाही. वडिलांच्या डाव्या बाजूला बसून तो बोटं बघायचा, आणि वडील कामावर गेले की तीच बोटं स्वतः लावून बघायचा. बाराव्या वर्षी मंडळात वडिलांच्या जागी बसला. बेळगाव हे पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांचं गाव, 1938 पासून त्यांचे क्लास चाललेले. "त्या गल्लीत सायकल आपोआप हळू व्हायची," काका सांगतात. आत जाण्याची हिंमत झाली नाही आणि फी विचारण्याचीही.

1978 साली वडील गेले. काका सतरा वर्षांचे, मागे दोन बहिणी लग्नाच्या. ते मागाच्या शेडमध्ये उभे राहिले आणि पेटी माळ्यावर गेली. पुढे स्वतःचे चार माग झाले, बहिणींची लग्नं झाली, मुलगा उद्यमबागेत फाउंड्रीत लागला. मग लॉकडाऊन आला. सूत महाग, साडीला उठाव नाही, व्यापाऱ्याकडे पैसे अडकलेले. चारही माग भंगारच्या भावाने गेले. पेटी खाली आली ती त्यानंतर, तब्बल 43 वर्षांनी.

लोक याला 'दडलेली कला' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. गल्लीतल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला माहीत होतं की हा पेटी वाजवायचा. दडलेलं काही नव्हतं, माळ्यावर ठेवलेलं होतं आणि घरातल्या प्रत्येकाला तो माळा ठाऊक होता.

पहिले चार महिने

पेटी बघितली तेव्हा भात्याच्या घड्या उंदरांनी कुरतडलेल्या होत्या. सुरांवर, म्हणजे आतल्या धातूच्या पात्यांवर, गंज, तीन पट्ट्या दाबल्या की वर यायलाच तयार नाहीत. दुरुस्ती करणाऱ्याने भाता नवा बांधला, सूर घासून पुन्हा लावले, चार सूर बदलले. आजकाल बहुतेक सूर गुजरातेतल्या पालीताण्याहून येतात. जुने ठेवण्यासारखे होते ते त्याने ठेवले. काकांनी बदललेले चार सूर कागदात बांधून घरी नेले.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, जे आठवतंय ते वाजवा. त्यांनी डोळे मिटले आणि काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, रूपाच्या अभंगाची एक चाल वाजवली. संथ, एकेक सूर पूर्ण टेकवून. शेवटच्या ओळीवर भाता असा सोडला की सूर आपोआप विरत गेला. क्लासमधल्या आठवीतल्या मुलीने मान वर करून बघितलं. मला शंभर विद्यार्थ्यांत दोघांना हे सांगावं लागत नाही: भाता हा श्वास आहे, पंप नव्हे. काका त्या दोघांतले होते.

इथवर सगळं छान. मग मी शिकवायला लागले.

बोटांपासून सुरुवात केली, ही पहिली चूक. काका तीनच बोटं वापरतात, अंगठा हवेत. वडिलांचंच तसं बघितलेलं. मी अंगठा खाली आणायच्या मागे लागले. विणकराची बोटं अजिबात जड नसतात. तुटलेला धागा चालत्या मागाशेजारी उभं राहून दोन बोटांत पीळ देऊन जोडणारा हात आहे तो. अंगठा येईना तो बोटांमुळे नव्हे. पंचेचाळीस वर्षं मेंदूत बसलेली वाट मी बुजवायला निघाले होते, म्हणून. चार महिने यात घालवले. आज वाटतं, सोळा वर्षांच्या मुलाचा अंगठा मी जरूर दुरुस्त करीन. साठ वर्षांच्या माणसाचा, जो त्या तीन बोटांत अभंग नीट वाजवतोय, त्याचा तसाच राहू देईन.

दुसरी गोष्ट वहीत जास्त वेळा आहे. 'सांगितलेलं लक्षात राहत नाही.' 'आरोह विचारला, अवरोह वाजवला.' 'हो म्हणतात पण केलेलं नसतं.' आणि जानेवारीत, लाल शाईने: 'ग्रहण मंद.' तेव्हा सगळेच मास्क लावून बसायचो. माझा मास्क कापडी, तिहेरी.

मार्चमध्ये मास्क उतरले आणि काका एकदम सुधारले. सांगितलेलं पटकन करायला लागले, कोमल-तीव्र चुकेनासे झाले. वहीत माझी टीप आहे: 'अलंकारांचा परिणाम दिसू लागला.' आता वाचताना मलाच हसू येतं. अलंकारांचा, म्हणजे सरावाच्या त्या स्वरसाखळ्यांचा, काही संबंध नव्हता. माझे ओठ दिसायला लागले होते.

मंडळातला प्रसंग

पावसाळ्यात काका गल्लीतल्या मंडळात पुन्हा बसायला लागले. वडिलांच्या वेळचं मंडळ केव्हाच संपलं होतं, हे नवं. गाणारे पाच-सहा जण, वीस टाळकरी, एक पखवाज. आधीचा पेटीवाला नोकरीसाठी पुण्याला गेलेला, त्यामुळे काकांचं स्वागतच झालं.

मंडळात पेटीवाल्याचं पहिलं काम पट्टी देण्याचं. एकाचा अभंग संपतो, दुसरा उचलतो आणि उचलता उचलता म्हणतो, "काळी तीन घ्या." पेटीवाल्याने तेवढ्या वेळात नवा षड्ज, म्हणजे सा, धरायचा. काळी दोन आणि काळी तीन यांत तीन अर्धस्वरांचं अंतर आहे. गायकाला वरच्या पट्टीत गायचं असताना तुम्ही खालची दिलीत, तर वरचे सूर सोपे होतात पण खालचे घशात बुडतात. गाणारा चार-पाच शब्दांत ओळखतो की आपण विहिरीत उतरतोय.

कार्तिकातली एकादशी होती, देऊळ भरलेलं. मुख्य गाणाऱ्याने डोळे मिटूनच सांगितलं, "काळी तीन." काकांनी काळी दोन दिली. त्याने सुरुवात केली, पहिल्या चरणातच सूर तळाला गेला, थांबला. "तीन हो, तीन!" काकांनी मान डोलावली आणि पुन्हा काळी दोनच दाबली. टाळ बंद पडले. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा गाणारा सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, राहू द्या आता. वय झालं." आणि पेटीशिवायच गायला.

काका पेटीचा भाता लावून बसून राहिले. भजन संपेपर्यंत उठले नाहीत, तेवढी रीत त्यांना माहीत. घरी येऊन पेटी शेडमध्ये ठेवली आणि सहा आठवडे ना मंडळात गेले ना माझ्याकडे आले.

या सहा आठवड्यांत सल्ल्यांचा पूर आला. नातेवाईकांपैकी कुणी कुमार गंधर्वांचं उदाहरण दिलं. आपल्याकडे ते फार पटकन निघतं, कारण ते इथलेच, बेळगावजवळच्या सुळेभावीचे. क्षयाने फुप्फुस गेलं, काही वर्षं गाणं बंद, तरी परतले की नाही? हा दाखला इथे लागू होत नाही. कुमार आजारी पडले तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर होते आणि त्याआधी दहा-बारा वर्षं रंगमंच गाजवून बसले होते. देवासच्या त्या बिछान्यावर गळा गप्प होता, कान चालूच होते. काकांचं नेमकं उलट होतं. पण हे तेव्हा मलाही कळलेलं नव्हतं.

मी त्यांच्या घरी गेले ते खरं तर समजूत काढायला. काकू चहा घेऊन आल्या आणि तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "टीव्ही इतका मोठा लावतात की पलीकडच्या गल्लीला बातम्या फुकट. फोन तर घेतच नाहीत, मलाच पुढे करतात." मी हसले. माझ्यासारख्या, कानावर पोट असलेल्या बाईला त्या क्षणी कळायला हवं होतं. नाही कळलं.

मेट्रोनोम

कळलं ते डिसेंबरात. काका परत आले होते, पण बसायचे ते परक्यासारखे. मला वाटलं, लय पक्की करून घेऊ, निदान आत्मविश्वास येईल. फोनवर मेट्रोनोम लावला, पेटीवर ठेवला. टिक, टिक, टिक. म्हटलं, यावर साधा भूपाचा अलंकार वाजवा. ते वाजवायला लागले. टिकटिकीशी काडीचा मेळ नाही. मी वहीत लिहीत होते: 'लय सुटते.' तीन-साडेतीन मिनिटं झाली. मग मी थांबवून म्हटलं, "काका, टिकीवर या की."

त्यांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ते बंद हाय की ओ बाई."

फोन टिकटिकत होता. आठवीतली मुलगी माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. मी फोन उचलून त्यांच्या कानाशी नेला. "आता?" त्यांनी थोडा विचार केला. "थरथरल्यासारखं वाटतंय," म्हणाले. कानाला नव्हे, गालाला.

मग मी तानपुऱ्याचं ॲप लावलं. पहिल्याच झंकाराला म्हणाले, "काळी एक. थोडा चढा लागलाय." बरोबर होतं. ॲपची पट्टी दोन दिवसांपूर्वी मीच किंचित वर करून ठेवली होती.

पुढच्या आठवड्यात शहरातल्या एका इस्पितळात कान तपासले. ऑडिओग्रामवर, म्हणजे तपासणीच्या आलेखावर, रेघ पाचशे आणि एक हजार हर्ट्झला जवळपास ठीक, दोन हजाराला खाली कललेली, चार हजाराला दरीत, दोन्ही कानांत सत्तर डेसिबलच्या आसपास. आठ हजाराला पुन्हा जरा वर. तपासणाऱ्या मुलीने कागद बघून एकच प्रश्न विचारला: "माग होते का?" वडगावातली रेघ तिला पाठ असावी.

चार हजार हर्ट्झची ही दरी म्हणजे आवाजाने गेलेल्या कानाची ठरलेली खूण. यंत्रमागाच्या शेडमध्ये धोटा इकडून तिकडे आपटतो, तो आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो, आणि काका त्यात चाळीसहून जास्त वर्षं, दिवसाला दहा-बारा तास. कानाच्या आतल्या शंखात उंच आवाज टिपणाऱ्या ज्या केसांसारख्या पेशी असतात, त्या अशाने मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. मागाच्या तालावर काम करणाऱ्याची लय पक्की होते असं कौतुकाने सांगणारे मला पुष्कळ भेटलेत. मी त्या शेडमध्ये पाच मिनिटं उभी राहिलेय. तिथे लय नाही, मार आहे.

आता या रेघेवर काकांची सगळी गोष्ट ठेवून बघा. पेटीच्या वरच्या टोकाचा सूरसुद्धा दीड हजार हर्ट्झच्या आत राहतो. म्हणजे पेटी त्यांना ऐकू येते, षड्ज-पंचम कळतात, किंचित चढा तानपुरा खटकतो. गातानाची स्वरांची उंची पूर्ण शाबूत. गेलंय ते बोलणं, किंवा बोलण्याच्या कडा. स, श, त, फ ही अक्षरं उंचावर राहतात. स्वरांमध्ये 'ई' ओळखायची तर दोन हजारांच्या वरचा भाग लागतो. तो कापला की 'ई' चा 'ऊ'-'ओ' सारखा काहीतरी गोळा उरतो. 'तीन' मधला 'त' आधीच गेलेला, 'ई' अशी बुजलेली, शेवटचा 'न' दोन्हींत सारखा. आता म्हणून बघा, काय ऐकू येईल?

दोन.

देवळात तीनदा सांगूनही त्यांनी काळी दोनच का दाबली, याचं उत्तर एवढंच होतं. गाणाऱ्याचे डोळे मिटलेले, मान खाली, समोर वीस टाळ. ओठ दिसत नव्हते.

काकांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. "शेडमध्ये कोण बोलतंय?" म्हणाले. "तिथं सगळेच असे." मागाच्या शेडमध्ये माणसं एकमेकांचे ओठ वाचतात, हाताने बोलतात. कांडी संपली, धागा तुटला, जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) बोलाव, चहा आला, सगळ्याला खुणा. सगळं आयुष्य अशा जागेत गेलं की आपण बहिरे होतोय हे कळायला मागच थांबावे लागतात. पहिल्या दिवशी मुलगाच का बोलत होता, ते मला तेव्हा उमगलं. घरच्यांनी नकळत त्यांच्या भोवती कुंपण घालून दिलं होतं.

वहीतल्या 'ग्रहण मंद' वर मी रेघ मारली. खोडलं नाही, रेघ मारली.

मग काय बदललं

पहिल्यांदा बदलले मी. शेजारी बसून शिकवण्याची माझी वीस वर्षांची सवय सोडून त्यांच्या समोर, उजेडाकडे तोंड करून बसायला लागले. बोलणं निम्म्यावर आणलं. 'इथे मध्यमावर थोडं थांबा' असं सांगण्याऐवजी मी वाजवून दाखवते, ते वाजवतात. सांगून न कळणाऱ्या गोष्टी दाखवून दहा मिनिटांत यायला लागल्या. वडिलांकडे ते तसंच शिकले होते, बोटं बघून. मीच मध्ये शब्द घुसवले होते. मेट्रोनोम गेला. लयीला मी गुडघ्यावर थाप देते, किंवा तबल्याचा बायाँ लावते. तो खालचा घुमारा त्यांना स्वच्छ लागतो.

श्रवणयंत्र घेतलं, उजव्या कानाला. त्याची गंमत वेगळी. ही यंत्रं बनतात बोलण्यासाठी. एकसारखा लांबलेला सूर आला की यंत्राला वाटतं ही आपलीच शिट्टी आहे किंवा पंख्याचा आवाज आहे, आणि ते त्याला दाबायला किंवा हलवायला जातं. तानपुरा म्हणजे दुसरं काय, एकसारखा लांबलेला सूर! पहिल्या दिवशी काका म्हणाले, "तानपुरा रडतोय." यंत्रात संगीतासाठी वेगळी जोडणी करून मिळते, ती दोनदा करून घेतली. तरीही शेवटी काकांनी स्वतःचा मार्ग काढला: बोलताना यंत्र कानात, वाजवताना सदऱ्याच्या खिशात. यावर मी वाद घातला नाही.

टाळांचं मात्र सांभाळावं लागलं. अशा कानाला बारीक आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम बोचतो, मधली पायरीच नसते. वीस टाळ शेजारी वाजले की काकांच्या कपाळावर आठी यायची. मंडळात त्यांची जागा टाळकऱ्यांमधून काढून पखवाजाच्या पलीकडे नेली. सरावाची जागा शेड. माग गेले तरी जमिनीत बोल्ट तसेच आहेत, तेलाचे डाग तसेच. पेटी ते तिसऱ्या मागाच्या जागी ठेवतात, कारण खिडकी तिथे आहे. पहाटे पाचला घरात वाजवायची सोय नाही, नातवाची दहावी.

बाराही पट्ट्या शिकवायचा माझा बेत होता. तो गुंडाळला. मंडळात लागतात त्या चार: काळी एक, काळी दोन, काळी तीन, पांढरी चार. त्या चारांत सगळ्या चाली, डोळे मिटून. मुलाने स्केल चेंजर पेटी घेऊन द्यायची तयारी दाखवली होती, पट्टी बदलायला खटका सरकवला की झालं. काकांनी ती एकदा उचलून बघितली. "ही देवळापर्यंत कोण नेणार, तू?" तिथेच विषय संपला.

आता राहिला मूळ प्रश्न, पट्टी सांगायची कशी. मला सुचलेला उपाय खुणांचा होता, आणि तो काकांच्याच शेडमधून उचललेला. पालथा हात काळी, उताणा हात पांढरी, मग बोटं दाखवायची. क्लासमध्ये उत्तम चालला. मंडळात पहिल्याच दिवशी आपटला. गाणाऱ्याच्या दोन्ही हातांत टाळ असतात! त्यातला एक तर गाताना डोळे उघडतच नाही, त्याला बोटं दाखवायची शुद्ध कुठली.

तोडगा काढला पखवाजवाल्याने. हा शेजारच्या गल्लीतला, घरी कन्नड बोलणारा, पूर्वी मागावर जॉबर होता. गाणाऱ्याने "काळी तीन" म्हटलं, काकांचा हात काळी दोनकडे निघाला, तेवढ्यात हा पखवाजावरून ओरडला, "काका, मूरु! मूरु!" काकांचा हात हवेतच वळला आणि काळी तीनवर बसला.

कन्नडमध्ये दोनला एरडु आणि तीनला मूरु. 'मूरु' मध्ये ऐकू न येण्यासारखं काहीच नाही. 'म' घुमतो, 'ऊ' दोन्ही वेळा खालच्या सुरात, 'र' चा खडबडीतपणा स्पष्ट. शिवाय शेडमध्ये कांड्यांची मोजणी कन्नडमध्येच चालायची, त्यामुळे तो आकडा काकांच्या कानात नव्हे, हातात होता. मी ध्वनिशास्त्राची पुस्तकं उलटीपालटी करत बसले असते तरी मला हे सुचलं नसतं.

एका ज्येष्ठांनी नाक मुरडलं. ते बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा काळा दिन दर 1 नोव्हेंबरला न चुकता पाळणारे. अभंगाच्या बैठकीत कन्नड आकडा त्यांना रुचेना. काकू तिथेच बायकांत बसल्या होत्या. "कानडा विठ्ठल चालतो, आकडा चालत नाही होय?" एवढं म्हणाल्या आणि वाती वळायला लागल्या. बायका हसल्या, तेही हसले. मनापासून हसले असं म्हणणार नाही. पण पुढच्या गुरुवारी त्यांनीच "काळी मूरु" म्हटलं.

बदलला तो एकच आकडा. दोन दोनच राहिलं, एक आणि चार काकांना नीट कळतात.

आज

काका आता चौसष्टीत आहेत. दर गुरुवारी आणि एकादशीला वाजवतात. सोलो वाजवत नाहीत, वाजवणारही नाहीत. उतरती तान अजून घसरते, अंगठा अजून हवेत आहे. मालकंसाचा एक अभंग त्यांना फार आवडतो, पण त्याच्या अंतऱ्यात गाणारा शब्द बदलत जातो आणि काका मागे पडतात. शब्द ऐकू येत नाहीत तर चाल कुठे वळणार याचा अंदाज येत नाही, हा प्रश्न मला सुटलेला नाही. सध्या ते गाणाऱ्याच्या हनुवटीकडे बघून निभावतात. जमतं तेव्हा जमतं.

'वय झालं' म्हणणाऱ्या गाणाऱ्याला त्या दिवशी खरं काय झालं होतं ते नंतर कळलं. तो काकांच्या घरी गेला नाही, माफी वगैरे काही मागितली नाही. पण गाण्याआधी मान वर करून काकांकडे तोंड करतो आणि मग पट्टी सांगतो. काकांना तेवढं पुरलं. मला पुरलं नसतं, पण प्रकरण माझं नाही.

पन्नाशीपुढचा कुणीही नवा विद्यार्थी आला की मी आता पहिल्या दिवशी एक गोष्ट करते. पाठमोरी होऊन, खिडकी लावता लावता, साध्या आवाजात सांगते, "काळी तीन द्या." तिघांनी आतापर्यंत काळी दोन दिली आहे. त्यातला एक माग चालवणारा, एक फाउंड्रीत होता. तिसऱ्या आयुष्यभर शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांचं कारण वेगळं निघालं.

गेल्या आषाढीला कोल्हापूरकडचे एक कीर्तनकार मंडळात आले होते. भजनाला बसले, पहिला अभंग संपला, आमच्यातल्या एकाने डोळे मिटूनच म्हटलं, "काका, काळी मूरु." काकांनी काळी तीन धरली. कीर्तनकारांनी शेजारच्याच्या कानाशी तोंड नेलं.

"काळी काय म्हणाले?"

शेजारचा टाळात दंग होता. त्याने तीन बोटं दाखवली.